दोन वाजताची शिकवणी

महादेवीनं शनिवारीच फोन करून लेकीला सांगून टाकलं होतं, की सोमवारपासून आपण केंद्रात प्रशिक्षक होणार. "म्हणजे काय करायचं असतंय गं?" अंजूनं उदगीरहून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "जे अकरा वर्सं करायले तेच. फक्त आता बाकीच्या बायकांनी माझं बघून शिकायचं."

तसं तिला कुणी कबूल केलेलं नव्हतं. पण दुसरं होणार तरी कोण? लातूरच्या औसा रोडवरच्या त्या शुश्रूषा केंद्रात चाळीस खाटा होत्या. कुणाचं अर्धं अंग गेलेलं, कुणाला लेकाचं नावही आठवत नाही, कुणी नुसतंच म्हातारपणानं अंथरुणाला खिळलेलं. केंद्र सुरू झालं त्याच आठवड्यात महादेवी कामाला लागली होती. व्यवस्थापक अमरनाथ सरसुद्धा तिच्या मागून आलेले. कोणत्या आजीला अंगावर गार पाण्याचा थेंब सहन होत नाही, कोणते आजोबा दिवेलागणीला घरी जायचं म्हणून चपला शोधत फिरतात, हे तिला तोंडपाठ. नवी बाई कामावर आली की सर म्हणायचे, "चार दिवस महादेवीकाकूंच्या मागं फिरा, सगळं कळेल." म्हणून सरांनी 'आपण आता कायमचा प्रशिक्षक नेमतोय' असं सांगितलं, तेव्हा तिनं मनातल्या मनात पांढरा कोट अंगावर चढवूनही बघितला होता.

सोमवारी सकाळी सरांनी सगळ्या बायकांना व्हरांड्यात गोळा केलं. त्यांच्याशेजारी पंचविशी ओलांडलेली, घट्ट वेणी घातलेली एक सावळी पोरगी खांद्याला कापडी पिशवी अडकवून उभी होती.

"ह्या वर्षाराणी," सर म्हणाले. "मुखेडच्या आहेत. नांदेडला नर्सिंग शिकल्या, तिथंच चार वर्षं काम केलं. आजपासून आपलं प्रशिक्षण ह्या बघतील."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. महादेवीनंही वाजवल्या. शेजारी उभ्या असलेल्या गुणाबाईनं तिच्याकडं तिरक्या नजरेनं बघितलं आणि पुन्हा समोर बघायला लागली. ते बघणं महादेवीला चपराकीसारखं लागलं.

मिटिंग मोडल्यावर ती पोरगी नेमकी तिच्याकडंच आली. "काकू, सरांनी तुमच्याबद्दल लई सांगितलंय. मला इथलं काहीच ठाऊक नाही. मदत करा बरं का."

"आम्ही काय, अडाणी बायका," महादेवी म्हणाली. "तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा, आम्ही ऐकतो." आणि बादली उचलून निघून गेली.

केंद्रात प्रशिक्षण हा प्रकार नवा नव्हता. वर्षातून एकदा पुण्याचा एक माणूस यायचा. हॉलमध्ये पडदे ओढून भिंतीवर चित्रं दाखवायचा. निम्मे शब्द इंग्रजी, उरलेले पुस्तकातले. तीन तास बायका पंख्याखाली डुलक्या काढायच्या, मग हजेरीच्या कागदावर सह्या, चहा, समोसा, आणि शेवटी हातात प्रमाणपत्र धरून फोटो. दुसऱ्या दिवशी काम पहिल्यासारखंच. म्हाताऱ्यांच्या पाठीला पडून पडून आधी जेवढ्या जखमा व्हायच्या तेवढ्या नंतरही व्हायच्या. महादेवीकडं अशी सात प्रमाणपत्रं होती. ही पोरगीही तसलंच काहीतरी करणार, दोन महिन्यांत सरांचे डोळे उघडणार, असा तिचा हिशेब होता.

वर्षाराणीनं हॉलचं कुलूपही काढलं नाही. दुपारी दोनला सकाळच्या बायका सुटायच्या आणि दुपारच्या यायच्या. त्या वेळी पंधरा मिनिटं सगळ्यांनी एका खाटेपाशी जमायचं, एवढंच तिनं ठरवलं. एका दिवशी एकच गोष्ट. ती सांगायची कमी आणि करायला जास्त लावायची. माणसाला कुशीवर वळवायचं तर चादरीला धरून दोघींनी कसं वळवायचं, हे प्रत्येकीनं आपल्या हातानं करून दाखवेपर्यंत ती सोडायची नाही. आणि मग पुढचे आठ दिवस, काम चालू असताना, गुपचूप मागं येऊन उभी राहायची. चुकलं तर ओरडायची नाही. नुसता हात धरून नीट ठेवायची. नीट जमलं तर मात्र सगळ्यांसमोर सांगायची, "गुणाबाईंचं वळवणं बघा. आजींना कळलंसुद्धा नाही."

गुणाबाई चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा कौतुक ऐकत होती. ती लाजून तोंडाला पदर लावायची आणि दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं आधीच यायची. हीच गुणाबाई पाच वर्षं महादेवीच्या मागं सावलीसारखी फिरली होती. आता तिच्या तोंडी येता-जाता 'वर्षाताई म्हणल्या' सुरू झालं. महादेवीला ते ऐकू आलं की हातातलं काम उगाचच आदळून व्हायचं.

दीड महिन्यात दोन आजींच्या पाठीच्या जखमा भरत आल्या. त्यातल्या एकीच्या जखमेवर महादेवी वर्षभर हळद, मलम, पावडर, सगळं करून थकली होती. डॉक्टर बघायला आले तेव्हा म्हणाले, "अरे वा! कुणी केलं हे?" सरांनी वर्षाराणीकडं बोट दाखवलं. महादेवी तिथंच बेडपॅन घेऊन उभी होती. जखम भरली याचा आनंद व्हायला पाहिजे, हे तिला कळत होतं. पण आत दुसरंच काहीतरी होत होतं. ती आजी परत तशीच व्हावी असं तिला वाटलं नाही, एवढंच. पण बरी दुसरीच्या हातून झाली हे तिला सोसत नव्हतं.

मग तो भरवण्याचा दिवस आला.

"आज पेशंट आपल्यातलीच एक," वर्षाराणी रिकाम्या खाटेवर हात ठेवून म्हणाली. कुणीच पुढं होईना. गुणाबाईनं हसत महादेवीला ढकललं, "काकू, तुम्ही व्हा. तुम्ही लई दिवसांत निजला न्हाईत दुपारच्या."

बायका हसल्या. नाही म्हटलं तर रुसल्यासारखं दिसलं असतं, म्हणून महादेवी आडवी झाली. डोक्याखाली एक उशी. गुणाबाई रोजच्यासारखी खाटेशेजारी उभी राहिली आणि पातळ खिचडीचा भरलेला मोठा चमचा तिनं वरून महादेवीच्या तोंडात घातला. पहिला घास उतरला. दुसरा घशात असतानाच तिसरा आला. मान मागं कललेली, वर पंखा फिरतोय, तोंडात भात, आणि चमचा धरणारीचा चेहरा कुठं दिसत नाही. एकाएकी घासातलं पाणी भलत्याच वाटेनं गेलं. महादेवीला ठसका लागला. श्वास आत जाईना, बाहेर येईना. तिनं गुणाबाईचं मनगट असं पकडलं की बांगडी पिचली.

वर्षाराणीनं तिला झटकन उठवून बसवलं, पुढं वाकवलं, पाठीवर हात ठेवला. "खोका काकू, खोका, जोरात. झालं. झालं."

डोळ्यांतलं पाणी पुसून महादेवी सावरली, तशी वर्षाराणीनं तिच्या पाठीला उशा लावून तिला ताठ बसवलं, स्वतः स्टूल घेऊन समोर बसली, हनुवटी थोडी खाली घ्यायला लावली आणि लहान चमचा, तोही अर्धाच भरून, ओठाशी नेला. "गिळलं? गळा बघायचा. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की मगच पुढचा घास." महादेवीला तो घास सरळ पोटात गेलेला कळला.

"आधीचं कसं वाटलं?" वर्षाराणीनं विचारलं.

महादेवी काही बोलायच्या आत गुणाबाई म्हणाली, "पर आम्हाला तर काकूंनीच असं शिकवलंय. उभं ऱ्हायचं, मान मागं करायची, म्हंजे लवकर होतंय."

गुणाबाईच्या मनात काही नव्हतं. ती फक्त खरं बोलली होती. महादेवी खाटेवरून उतरली, पदर झटकला आणि मागच्या नळावर तोंड धुवायला गेली.

तोंड धुऊन झालं तरी ती नळ बंद करीना. तिला रत्नम्मा आठवली होती. बिलोलीकडची तेलुगू म्हातारी. बोलायची नाही फारशी, पण महादेवी दिसली की हात पुढं करायची. प्रत्येक जेवणाला खोकायची. "हिला सवयच हाय," असं महादेवी सगळ्यांना सांगायची, आणि पाठ चोळून पुढचा घास द्यायची. दोन वर्षांपूर्वी थंडीत तिला ताप भरला, छातीत कफ झाला, आठ दिवसांत ती गेली. म्हातारं माणूस, थंडीचे दिवस. कुणाला नवल वाटलं नव्हतं. महादेवीनंच तिला शेवटची आंघोळ घातली होती.

नळाखाली हात धरून ती उभी होती आणि तिच्या मनात जे आलं ते विचित्र होतं. रत्नम्माची क्षमा मागावी असं नाही आलं. आलं ते एवढंच, की ही पोरगी इथं आलीच नसती तर हे मला कधी कळलंच नसतं.

त्या दिवसापासून महादेवी वर्गाला यायची, मागं उभी राहायची आणि एक शब्द बोलायची नाही. "काकू, तुम्ही काय करता अशा वेळी?" असं वर्षाराणीनं विचारलं की म्हणायची, "तुम्ही सांगाल तसं." वर्षाराणी क्षणभर तिच्याकडं बघायची आणि दुसरीकडं वळायची.

पुढच्या महिन्यात वर्षाराणीनं खाटा बदलल्या. एकाच बाईकडं तीच माणसं वर्षानुवर्षं राहिली, तर ती बाई रजेवर गेली की माणसाचे हाल होतात; म्हणून दर महिन्याला फिरवाफिरव. महादेवीच्या आठ खाटा गुणाबाईकडं गेल्या. त्यात नऊ नंबरचे बसलिंगप्पा होते.

बसलिंगप्पा म्हणजे उदगीरच्या मोंढ्यातले जुने आडते. पांढरं धोतर, कपाळभर विभूती, आणि आवाज असा की तराजूपाशी उभं राहून बोलले तर रस्त्यावरचं माणूस वळून बघायचं. तीन वर्षांपूर्वी उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. उरले ते दोन-तीन कानडी शब्द, आणि त्यातही 'बेडा', म्हणजे नको, हाच जास्त. मुलगा हैदराबादला. तो महिन्यातून एकदा यायचा, तासभर बसायचा, मोबाइल बघायचा आणि जायचा.

अप्पा लिंगायत. गळ्यात, बंडीच्या आत, लिंगाची चांदीची डबी. ते लातुरात कुणालाही सांगायला नको. पण अप्पांनी जन्मभर लिंगपूजा केल्याशिवाय तोंडात घास घातला नव्हता, आणि आता एका हातानं ती डबी त्यांना उघडता येत नव्हती, हे फक्त महादेवीला ठाऊक होतं. ती त्यांच्यातलीच, शिवाय कानडी बोलणारी. अप्पा केंद्रात आले त्या पहिल्या सकाळी त्यांनी डावा हात छातीवर आपटला आणि 'बेडा, बेडा' केलं, तेव्हाच ती समजली होती. तेव्हापासून रोज अंग पुसून झालं की ती डबी उघडायची, लिंगाला आपलं बोट न लावता ते त्यांच्या डाव्या तळहातावर उतरवायची. मग त्यांचा लुळा उजवा हात धरून, त्यांचीच तीन बोटं विभूतीत बुडवून लिंगावर आणि कपाळावर ओढायची. दोन मिनिटांचं काम. मग अप्पा शहाण्या मुलासारखं तोंड उघडायचे. तिच्या सुट्टीच्या दिवशी ते दूध सोडून काही घ्यायचे नाहीत, आणि सगळ्या म्हणायच्या, "अप्पांना महादेवीशिवाय चालत न्हाई." ते ऐकायला तिला गोड लागायचं. म्हणून तिनं त्यातलं खरं कारण कधी कुणाला सांगितलं नाही.

खाटा बदलल्या त्या सकाळी गुणाबाईनं अप्पांना ताठ बसवलं, समोर स्टूल घेतलं, लहान चमचा, सगळं शिकवल्याप्रमाणं. अप्पांनी दात घट्ट मिटले. "बेडा."

महादेवी दोन खाटा पलीकडं चादर बदलत होती. गुणाबाईनं तिच्याकडं बघितलं. 'विचार,' महादेवी मनात म्हणाली, 'विचार मला.' गुणाबाईनं हाक मारली ती वर्षाराणीला.

वर्षाराणी आली. तिनं गोडीगुलाबी केली, वरणात तूप घातलं, रव्याची पातळ सोजी करून आणली. अप्पांनी पाणी घेतलं, दुधाचे चार चमचे घेतले, आणि जेवणाला डाव्या हातानं छातीवर थापट्या मारत मान फिरवली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी वर्षाराणीचा चेहरा उतरलेला होता. महादेवीला त्या दिवशी घरी जाऊन दोन भाकरी जास्त गेल्या.

तिसऱ्या दिवशीच दोनच्या वर्गात वर्षाराणीनं सरळ विचारलं. "अप्पा जेवेनात. माझं काहीतरी चुकायलंय. कुणाला काही ठाऊक असेल तर सांगा. काकू, तुमच्या हातानं ते खायचे. तुम्ही काय करायचात?"

सगळ्यांच्या माना वळल्या. एवढे दिवस ज्याची वाट बघितली होती ते घडलं होतं. तिनं विचारलं होतं, तेही सगळ्यांसमोर. आता सांगितलं असतं तर महादेवी त्या वर्गाची राणी झाली असती. पण तीन दिवस ठाऊक असून गप्प का बसलात, हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ आला असता. तिच्या जिभेवर आलेलं मागं फिरलं.

"काय न्हाई," ती म्हणाली. "मी भरवायचे, ते खायचे. आता तुमची नवी पद्धत त्यांना मानवत नसंल."

चौथ्या दिवशी अप्पा सारखा हात छातीवर नेतात म्हणून डॉक्टरांना बोलावलं. छातीची ईसीजीची पट्टी काढली. ती ठीक निघाली. वजन मात्र घटलं होतं, आणि जीभ कोरडी पडली होती. डॉक्टर म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत बघू. नाहीतर नाकातून नळी टाकून अन्न द्यावं लागेल." मुलाला फोन गेला. त्यानं हैदराबादहून होकार दिला.

पाचव्या दिवशी सकाळी महादेवी कामावर आली तेव्हा नऊ नंबरपाशी ट्रॉली लावून ठेवलेली होती. तिच्यावर नळीचं पाकीट, चिकटपट्टी, आणि मऊ पट्ट्या. नळी टाकल्यावर म्हातारी माणसं ती ओढून काढतात, म्हणून त्यांचा हात खाटेला बांधतात. अप्पांचा एकच हात चालत होता. तो डावा. ज्या तळहातावर लिंग घ्यायचं तो.

ते महादेवीच्या ध्यानात आलं. ती खाटेजवळ गेली. अप्पांनी डोळे उघडले. कपाळ कोरडं, पांढऱ्या दाढीचे खुंट वाढलेले. त्यांनी तिला ओळखलं. तिच्यावर रागवावं, तोंड फिरवावं, असं काहीच केलं नाही. डावा हात उचलून छातीवर ठेवला आणि तिच्याकडं बघत राहिले. पाच दिवस ते प्रत्येकीला हेच सांगत होते.

"तप्पायितु, अप्पा," ती पुटपुटली. चुकलं माझं. गुणाबाई गरम पाणी आणायला गेली होती. महादेवीनं त्यांचं तोंड पुसलं, हात पुसले, बंडीची गुंडी सोडली, डबी उघडली. आपल्या पिशवीतून विभूती काढली. अप्पांचा लुळा हात हातात घेतला. तीन बोटं लिंगावरून फिरली, कपाळावरून फिरली. अप्पांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं. मग तिनं त्यांना ताठ बसवलं, उशा लावल्या, स्टूल ओढलं, लहान चमचा घेतला आणि अर्धा भरला. ती नवी पद्धत ती पहिल्यांदाच मनापासून करत होती. अप्पांनी तोंड उघडलं.

अर्धी वाटी सोजी संपली तेव्हा तिला मागं कुणीतरी असल्याचं जाणवलं. वर्षाराणी पडद्यापाशी उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"हे तुम्हाला ठाऊक होतं," वर्षाराणी म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

महादेवीनं चमचा वाटीत ठेवला.

"मी विचारलं होतं तुम्हाला, काकू. सगळ्यांसमोर विचारलं होतं." पोरीचा आवाज चढला नाही. "तुमचा राग माझ्यावर होता ना? मग मला उपाशी ठेवायचं होतं. त्यांना कशाला?"

महादेवीनं अप्पांच्या ओठाला लागलेलं पुसलं आणि उरलेली सोजी भरवायला लागली, कारण ती थंड होत होती.

अकरा वाजता सरांनी दोघींना खोलीत बोलावलं. महादेवीनं मनाची तयारी केली होती. ही आता सगळं ओकणार, आपण मान खाली घालून ऐकायचं, आणि गाठोडं बांधून उदगीरची बस धरायची.

"काय झालं नेमकं?" सरांनी विचारलं.

"चूक माझी आहे, सर," वर्षाराणी म्हणाली. "खाटा बदलायच्या आधी एकेका माणसाची माहिती घ्यायला पाहिजे होती. मी घेतली नाही. अप्पांची पूजा राहत होती म्हणून ते जेवत नव्हते. काकूंनी आज बघितलं आणि लगेच केलं. नळीची गरज नाही आता."

सर महादेवीकडं वळले. "बघा! शेवटी अनुभव तो अनुभव. काकू, थोर उपकार झाले."

महादेवीनं वर्षाराणीकडं बघितलं. ती समोरच्या भिंतीकडं बघत होती. तिनं महादेवीला वाचवलं होतं. कुणी मागितलं नसताना, मनाचा मोठेपणा करून वाचवलं होतं. आणि महादेवीच्या अंगाची आग आग झाली. नर्सिंग हिचं, जखमा भरल्या हिनं, गुणाबाई हिची, आणि आता मोठेपणाही हिचाच? जन्मभर हिच्या उपकाराखाली दबून, हिच्याकडं बघून हसत जगायचं?

"न्हाई सर," ती म्हणाली. "खोटं बोलायली ही. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हिनं विचारलं तरी मी सांगितलं न्हाई. मुद्दाम."

वर्षाराणीनं दचकून तिच्याकडं बघितलं. लोक नंतर म्हणाले, महादेवीला पश्चात्ताप झाला, तिनं खरेपणा दाखवला. महादेवीला स्वतःला माहीत होतं, की ते शब्द चांगुलपणानं आलेले नव्हते. पण एकदा बाहेर पडल्यावर ते खरे होते, आणि ते बोलून तिला पाच दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास आला.

सरांनी पंधरा दिवस घरी बसवलं आणि फाइलला कागद लावला. कामावरून काढलं नाही. सर तर काढायलाच निघाले होते. काढू नका म्हणून कोण बोललं असेल, हे तिला न विचारता कळलं.

ते पंधरा दिवस तिनं अंजूकडं उदगीरला काढले. प्रशिक्षक झाल्याचं काय झालं, असं लेकीनं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. एकदा मात्र नातवाला ती भरवत होती, आणि अंजू म्हणाली, "आई, किती येळ लावायलीस एका घासाला!" तेव्हा महादेवी म्हणाली, "लागू दे. गिळू दे त्याला."

परत आली तेव्हा प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक जाड कागद अडकवलेला होता. मोठ्या अक्षरात: या माणसाला काय आवडतं, कशाची भीती वाटते, झोप कशी येते, जेवणाआधी काय लागतं. बऱ्याच कागदांवर एक-दोन ओळीच होत्या. नऊ नंबरचा कागद मात्र कोरा होता.

"अप्पांचं सध्या कसं चाललंय?" तिनं गुणाबाईला विचारलं.

"लेकानं त्यांच्या भाच्याला धाडलंय, त्योच सकाळी येऊन पूजा करून जातो. पर उद्यापासून त्याला न्हाई जमणार म्हणं."

दुपारी दोनला वर्षाराणीनं सगळ्यांना नऊ नंबरपाशी जमवलं आणि स्वतः मागं जाऊन उभी राहिली. "आज काकू शिकवतील," एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात गोडवा नव्हता. राग गेलेला नव्हता, आणि गेल्याचं सोंगही तिनं केलं नाही. महादेवीला ते बरं वाटलं.

अकरा वर्षं बायका तिच्या मागं फिरल्या होत्या, पण तिनं कधी कुणाला थांबून समजावलं नव्हतं. तिची जीभ अडखळली. मग तिनं बोलणं सोडलं आणि गुणाबाईला पुढं ओढलं. "तू कर. मी सांगते."

गुणाबाई मागं सरली. "मी केलं तर चालंल का, काकू? मी तुमच्यातली न्हाई."

"हात त्यांचाच असतोय गं. आपण नुस्ता धरायचा."

गुणाबाई पुढं वाकली. डबी उघडताना झाकण खाली पडलं, विभूती चादरीवर सांडली. महादेवीला वाटलं, बाजूला कर आणि आपणच करून टाक, दोन मिनिटांचं काम. तिनं दोन्ही हात पाठीमागं धरले. "सावकाश. तळहात आधी सपाट कर त्यांचा. हां. आता बोटं." दोन वेळा चुकलं. तिसऱ्या वेळी अप्पांच्या कपाळावर तीन पट्टे नीट उमटले. थोडे वाकडे, पण उमटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवी दुसऱ्या ओळीत एका आजीचे केस विंचरत होती. तिथून नऊ नंबर दिसायचा. गुणाबाईनं पूजा करून घेतली. 'ऊटा माडरी, अप्पा,' म्हणजे जेवा, असं महादेवीनं शिकवलेलं कानडी तिनं मराठी हेलात म्हटलं. अप्पा त्या उच्चाराला तोंडाच्या एका बाजूनं हसले आणि त्यांनी तोंड उघडलं. सगळी वाटी संपली.

महादेवीच्या छातीत बारीकशी कळ उठली. तीच, ओळखीची. अप्पांना आता तिच्याशिवाय चालत होतं. हे तिनं स्वतःच्या तोंडानं शिकवलं होतं, आणि तरी ती कळ उठायची थांबली नव्हती. फणी आजींच्या केसांत तशीच राहिली.

"ओढतंय गं," आजी म्हणाल्या.

"चुकलं, आजी."

त्या दिवशी सुट्टी झाल्यावर ती वर्षाराणीच्या टेबलापाशी गेली. वर्षाराणी खाटांचे अर्धवट भरलेले कागद पसरून बसली होती. महादेवी उभीच राहिली.

"रत्नम्मा म्हणून एक होती," ती म्हणाली. "दोन वर्साखाली गेली. जेवताना खोकायची. मी भरवायचे. तसं, उभं राहून. तिच्या छातीत... ते माझ्यामुळं झालं का?"

वर्षाराणीनं पेन खाली ठेवला. खोटं सांगणं सोपं होतं, आणि महादेवी तिच्याकडं अशी बघत होती की खोटं तिला लगेच ओळखता आलं असतं.

"झालं असेल," वर्षाराणी म्हणाली. "नसेलही. आता कळायला मार्ग नाही, काकू. तुम्हाला तेव्हा कुणी शिकवलंच नव्हतं."

"सात प्रमाणपत्रं हायत माझ्याकडं," महादेवी म्हणाली.

दोघीही हसल्या नाहीत. महादेवीनं शेजारची खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच त्या टेबलाला बसली. वरचा कागद तिनं आपल्याकडं वळवून बघितला. बावीस नंबर.

"ह्या आजींना अंधाराची भीती वाटते असं कुणी लिवलंय?" ती म्हणाली. "अंधाराची न्हाई. त्यांना दार बंद केलेलं चालत न्हाई. लिव."

वर्षाराणीनं पेन उचलला आणि लिहायला लागली.